१-२-२ : कॉलेजच्या मुलींचा सॉकर सीझन सुरू झालाय, कोण कोण बघतंय?

आठ_नंबर | २९ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

पाच सामने झाले. एक जिंकलो, दोन हरलो, दोन बरोबरीत. 'जिंकलो' म्हणजे मी खेळतो असं कुणी समजू नये. मी वरून तिसऱ्या पायरीवर बसून घसा बसवून घेतो, एवढंच माझं योगदान.

कॉलेजचं नाव देत नाही. टीममधल्या दोघी आमच्या लेकीच्या शाळेत होत्या, आणि आंतरजालावर काही लपून राहत नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं मध्यम आकाराचं विद्यापीठ, डिव्हिजन वन म्हणजे कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर, पण बड्या कॉन्फरन्समधलं (आपापसांत खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातलं) नाही. ओळखलंत तरी इथे लिहू नका.

१४ ऑगस्टला घरच्या मैदानावर पहिला सामना, ०-०. रविवारी बिग टेन या बड्या कॉन्फरन्समधल्या एका टीमकडे जाऊन ०-४. मग ३-०, मग १-१, आणि काल रात्री १-२. कालच्या हारीनंतर पार्किंगमध्ये दोन-तीन पालकांचा सूर असा होता की संपलं, हे वर्ष गेलं. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की ऑगस्टमध्ये स्कोअर वाचू नये, बदल्या वाचाव्यात. इथे बदली खेळाडूंचा नियमच वेगळा आहे. पाच बदल्या झाल्या की खेळ खलास, असं नाही. हव्या तितक्या करा. पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेली मुलगी त्या हाफमध्ये परत येत नाही, दुसऱ्या हाफमध्ये मात्र एकदा परत येऊ शकते. त्यामुळे ६० ते ७५ मिनिटांच्या मध्ये कोच कुणाला बसवते, कुणाला परत पाठवते, यात तिच्या मनात काय चाललंय ते उघड दिसतं. ०-४ च्या सामन्यात तिने २२ जणी खेळवल्या. काल १६. म्हणजे चाळणी लागलीय.

आणि ती १९ नंबरची! पहिल्या वर्षाची, लेफ्ट बॅक, अंगावर शर्ट दोन साइझ मोठा. पहिल्या दोन सामन्यांत बेंचवर. तिसऱ्यात १२ मिनिटं. काल ४० मिनिटं, आणि आपण पिछाडीवर असताना. हरत असताना कोच जिला मैदानावर ठेवते, तिच्यावर विश्वास बसलाय असं समजावं.

तुम्ही कुठली टीम बघताय? लिहा.

---

तिरकस | २९ ऑगस्ट, रात्री १०:०२

सॉकर काय, सॉकर! फुटबॉल म्हणा की. पायाने खेळतात ना?

---

कॅरीकर | २९ ऑगस्ट, रात्री १०:१५

आलेच का हे. तिरकसराव, सॉकर हा शब्द अमेरिकनांनी काढलेला नाही, तो इंग्लंडचाच. 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या 'असोसिएशन'ची काटछाट करून तिथल्या कॉलेजच्या पोरांनी बनवलेला. पुढे इंग्रजांनी तो टाकला आणि इकडच्यांनी ठेवला. आता धाग्यावर या.

आठ नंबर, धागा छान. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, त्यामुळे आमच्याकडे चैनच आहे. चॅपल हिल (म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना), ड्यूक, एनसी स्टेट, तिन्ही विद्यापीठं अर्ध्या-पाऊण तासात. ऑगस्टमध्ये स्कोअर वाचू नये याला माझं जोरदार अनुमोदन, आणि पुरावा गेल्याच वर्षीचा आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सीझन तोंडावर असताना अ‍ॅन्सन डोरन्स निवृत्त झाले. १९७९ पासून चॅपल हिलच्या मुलींचे कोच, स्वतःच्याच नावाच्या मैदानावर शिकवणारा माणूस, आणि पहिल्या सामन्याला काही दिवस उरले असताना 'आता पुरे'. डेमन नाहास यांच्याकडे हंगामी म्हणून सूत्रं आली. त्या आठवड्यात आमच्या गप्पांत सगळ्यांनी टीमचं तेरावं घालून टाकलं होतं. डिसेंबरमध्ये त्याच टीमने वेक फॉरेस्टला १-० हरवून विजेतेपद घेतलं. तेविसावं!

---

गणिती_आजोबा | २९ ऑगस्ट, रात्री ११:२०

कॅरीकर, किरकोळ दुरुस्ती. एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची स्पर्धा मुलींसाठी सुरू झाली १९८२ मध्ये, आणि त्या हिशोबाने २०२४ चं ते बाविसावं. तुम्ही म्हणता ते तेविसावं १९८१ चं धरून. ती स्पर्धा एआयएडब्ल्यू या त्या वेळच्या वेगळ्या संघटनेची होती. कॉलेज तेवीस सांगतं, एनसीएए बावीस. दोघंही खोटं बोलत नाहीत.

आठ नंबर यांच्याशी मात्र मी अर्धाच सहमत आहे. उद्या सविस्तर लिहितो, आता डोळे मिटताहेत.

---

स्वस्तिश्री | ३० ऑगस्ट, सकाळी ७:०५

मी या खेळात अगदी नवी. लेक यंदा कॉलेजला गेली, तिची रूममेट टीममध्ये आहे, म्हणून परवा पहिल्यांदा सामना बघितला. दोन प्रश्न. एक, घड्याळ उलटं का चालतं? ४५ वरून खाली येत होतं. मी ते बिघडलंय समजून शेजारच्या बाईंना सांगितलं, त्यांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. दुसरा, सामना १-१ वर संपला आणि सगळे घरी गेले. पेनल्टी वगैरे काही नाही?

---

आठ_नंबर | ३० ऑगस्ट, सकाळी ८:३०

स्वस्तिश्रीताई, पहिल्या सामन्याला मीही हेच विचारलं होतं. :)

कॉलेजच्या खेळात वेळ मैदानावरचं घड्याळ ठरवतं, रेफरीच्या मनगटावरचं नाही. गोल झाला, कार्ड दाखवलं, पेनल्टी मिळाली की ते थांबतं. त्यामुळे 'आणखी चार मिनिटं' असा फलक निघत नाही. शून्य झालं की खेळ संपला. शेवटच्या काही मिनिटांत आघाडीवरच्या टीमने बदली केली तरी थांबतं, म्हणजे एकेकीला सावकाश चालत बाहेर पाठवून वेळ खायचा डाव चालत नाही. मला ही पद्धत आवडते. गल्लीत खेळताना ज्याची बॅट तोच वेळ ठरवायचा, त्यापेक्षा बरी.

बरोबरीचं असं, की २०२१ पर्यंत नियमित सीझनमध्येसुद्धा जादा वेळ असायचा आणि तोही गोल्डन गोलचा. पहिला गोल पडला की खलास. २०२२ पासून नियमित सीझनमधला जादा वेळ काढून टाकला. आठवड्याला दोन सामने, गुरुवारी आणि रविवारी, त्यात पुन्हा वीस मिनिटं म्हणजे पायांची वाट. आता जादा वेळ फक्त बाद फेरीत, आणि तिथे दहा-दहा मिनिटांचे दोन्ही भाग पूर्ण खेळतात.

म्हणून १-२-२ वाचताना सांभाळा. इथे विजय, पराभव, बरोबरी असा क्रम लिहितात. युरोपचे तक्ते बघायची सवय असेल तर मधल्या आकड्याला बरोबरी समजून बसाल.

---

कॅरीकर | ३० ऑगस्ट, सकाळी ९:१०

उलट्या घड्याळावरून आठवलंच. २०२२ ची फायनल, आमच्याच गावात, वेकमेड सॉकर पार्क. चॅपल हिल विरुद्ध यूसीएलए. आमच्या २-०. यूसीएलएने एक फेडला. घड्याळ खाली येतंय, ४०, ३०, अख्खं स्टँड आकडे मोजतंय. १६ सेकंद उरली असताना कॉर्नरवरून रेलिन टर्नरचा हेडर, २-२. मग जादा वेळेत ३-२ ने आम्ही गारद. यूसीएलएच्या कोचबाईंचं ते पहिलंच वर्ष.

रेफरीच्या खिशातली मिनिटं माहीत नसताना गोल खाणं वेगळं. इथे १६ हा आकडा डोळ्यांसमोर असतो. तीन वर्षं झाली, मायक्रोवेव्हमध्ये १६ दिसलं तरी पोटात गोळा येतो.

---

गणिती_आजोबा | ३० ऑगस्ट, दुपारी १:४५

आता माझं अर्धं म्हणणं.

स्कोअर टीमबद्दल फार सांगत नाही, हे खरं. पण नोव्हेंबरमध्ये ६४ टीम निवडायला जी समिती बसते, ती तुमच्या १९ नंबरच्या मुलीची मिनिटं मोजत नाही. डिव्हिजन वनमध्ये मुलींच्या तीनशेहून जास्त टीम आहेत. कॉन्फरन्स जिंकणाऱ्या तिसेक थेट आत जातात, बाकीच्यांना निवडलं जातं. या निवडीत आरपीआय नावाच्या आकड्याला फार वजन आलेलं आहे. मूळ सूत्र सोपं आहे : तुमच्या स्वतःच्या निकालांना २५ टक्के, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना ५०, आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना २५.

आता तुमचा ०-४ घ्या. सूत्रात गोलच नाहीत. ०-१ ने हरलात काय आणि ०-४ ने काय, एकच. वर ती बिग टेनची टीम पुढे जिंकत राहिली तर तो पराभव तुम्हाला थोडा हातभारच लावेल. उलट ३-० चा जो विजय तुम्ही मिरवताय, तो वर्षभर हरणाऱ्या टीमवरचा असेल तर त्याचं मोल फार नाही. म्हणजे स्कोअर वाचू नका हे बरोबर, पण कारण तुमचं नाही, माझं.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून कॉन्फरन्सचे सामने सुरू होतात. तिथे एक जिंकली की दुसरी हरणार, घरातला पैसा घरात. अख्ख्या कॉन्फरन्सची बाहेरच्या बाजारातली पत ठरते ती ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. एकदा ठरली की ऑक्टोबरमध्ये कितीही जीव काढा, फार हलत नाही. तुमच्या कोच परवा १-२ हरल्या तेव्हा तुमच्या शेजारच्या सात-आठ कॉलेजांचंही थोडं नुकसान झालं. पालक पार्किंगमध्ये चिडले ते चुकीच्या कारणाने, पण उगाच नाही.

---

आठ_नंबर | ३० ऑगस्ट, दुपारी ३:००

आजोबा, आवडलं नाही, पण पटलं.

तरी एक शंका. मग कोचने ०-४ च्या सामन्यात २२ जणींना कशाला खेळवावं? जिंकण्यासाठीच उतरायचं असतं तर १४ जणी रेटल्या असत्या.

---

गणिती_आजोबा | ३० ऑगस्ट, दुपारी ३:२०

कारण तो सामना हरणार हे तिला सूत्र न मांडताही कळत होतं. हरायचंच तर शिकून घ्यावं. परवाच्यात १६ खेळवल्या, कारण तो जिंकण्यासारखा होता. तुमची चाळणी आणि माझं सूत्र एकच गोष्ट सांगतंय बहुतेक.

---

ओरेगॉनकर | ३० ऑगस्ट, सायंकाळी ६:५०

छोट्या कॉन्फरन्सवाल्यांनी मान खाली घालू नये म्हणून आमची गोष्ट. युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंड, वेस्ट कोस्ट कॉन्फरन्स. लहान कॅथलिक विद्यापीठ, अमेरिकन फुटबॉलची टीमच नाही, त्यामुळे गावाचा सगळा जीव मुलींच्या सॉकरमध्ये. मेरलो फील्डवर ढोल वाजवत बसणारा विद्यार्थ्यांचा घोळका बघाल तर थक्क व्हाल. २००२ आणि २००५, दोन विजेतेपदं. २००२ च्या फायनलमध्ये दोन्ही गोल क्रिस्टीन सिंक्लेअरचे. २००५ मध्ये तिने एका सीझनमध्ये ३९ गोल केले, तो डिव्हिजन वनचा विक्रम आहे. त्याच टीममध्ये मेगन रपिनो पहिल्या वर्षाला होती. एकही सामना न हरता संपवलं ते वर्ष.

पण तेव्हाचा शेजार आता राहिला नाही. २०२४ मध्ये पॅक-१२ ही पश्चिम किनाऱ्यावरची बडी कॉन्फरन्स फुटली. यूसीएलए, वॉशिंग्टन, ओरेगॉन गेले बिग टेनमध्ये, आणि स्टॅनफर्ड गेलं अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर राहून अटलांटिक कोस्ट! या मुली गुरुवारी एका टोकाला खेळतात, रविवारी त्याच भागात दुसरा सामना, सोमवारी पहाटे परत येऊन प्रयोगशाळेत. अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांसाठी जे ठरलं त्याची विमानाची तिकिटं या मुली फाडताहेत.

---

तिरकस | ३० ऑगस्ट, सायंकाळी ७:३०

पण आजकाल चांगल्या पोरी कॉलेजात थांबतात कुठे? थेट व्यावसायिक लीगमध्ये. मग आपण बघतोय ते दुय्यमच नव्हे का?

---

ओरेगॉनकर | ३० ऑगस्ट, रात्री ८:१०

काही जातात, मान्य. ट्रिनिटी रॉडमनने वॉशिंग्टन स्टेटला प्रवेश घेतला होता, महामारीत सीझन लांबला आणि ती कॉलेजचा एकही सामना न खेळता व्यावसायिक झाली. सोफिया स्मिथ स्टॅनफर्डला दोन वर्षं खेळून गेली. पण नेओमी गिर्मा त्याच स्टॅनफर्डची कॅप्टन होती, गुडघ्याच्या दुखापतीतून उठून परत खेळली, मग गेली. पॅरिसला २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक घेतलं त्या टीममध्ये या तिघीही होत्या. वाट एकच नाही. आणि दुय्यम म्हणाल तर तुम्ही एकदा गोलच्या मागे बसून बघा.

---

बेंचवरची_आई | ३० ऑगस्ट, रात्री ११:५५

गेली तीन वर्षं वाचनमात्र होते. बदल्यांचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझी लेक शेवटच्या वर्षाला आहे. तीन वर्षं टीममध्ये होती, वॉक-ऑन, म्हणजे शिष्यवृत्ती नाही. तीन सीझन मिळून मैदानावर ३१ मिनिटं. पाठ आहेत मला सगळी. यंदा ती टीममध्ये नाही.

जूनमध्ये हाउस खटल्याच्या, म्हणजे कॉलेज खेळाडूंना पैसे देण्यावरच्या खटल्याच्या तडजोडीला मंजुरी मिळाली ते तुम्ही वाचलं असेल. सगळ्या बातम्या, खेळाडूंना पैसे मिळणार याच्या होत्या. आमच्या घरी त्यातली दुसरी ओळ आली. आधी मुलींच्या सॉकरला जास्तीत जास्त १४ शिष्यवृत्त्या देता येत, पण टीममध्ये किती जणी ठेवायच्या यावर असं बंधन नव्हतं. आता तडजोडीत सामील झालेल्या कॉलेजांना शिष्यवृत्त्या हव्या तेवढ्या, पण टीम २८ जणींची. आमच्याकडे ३३ होत्या. आधीपासून असलेल्या मुलींना मोजणीतून सूट देता येते, पण ती द्यायची की नाही हे कॉलेजच्या हातात. आमच्या कॉलेजने दिली नाही. दहा मिनिटांची मीटिंग झाली म्हणे. कोचही रडल्या. त्यांना तरी काय बोलणार.

माझा त्या नियमावर सरसकट राग आहे असंही नाही. जिला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तिच्या आईला विचारा. पण आठ नंबर, तुम्ही १९ नंबरबद्दल लिहिलंत ना, तसं २९ नंबरबद्दल कुणी लिहीत नाही.

---

स्वस्तिश्री | ३१ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, काय बोलावं कळत नाही. लेक कशी आहे आता?

---

बेंचवरची_आई | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:१५

बरी आहे. क्लब टीममध्ये खेळते, सगळे सामने पूर्ण नव्वद मिनिटं! घरी फोन आला की म्हणते, "आई, पाय दुखताहेत," आणि आवाजात आनंद असतो. जुन्या टीमच्या सामन्यांना जाते. पहिल्या सामन्याला गेली नव्हती, दुसऱ्याला गेली.

---

तिरकस | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:४०

बेंचवरची आई, माझे वरचे दोन्ही प्रतिसाद परत घेतो. सॉकर म्हणा, काहीही म्हणा.

---

आठ_नंबर | ३१ ऑगस्ट, रात्री ८:२०

आजचा वृत्तांत. काल मंडळाच्या गणपतीत रात्री बारापर्यंत भांडी घासली, आज दुपारी एकच्या उन्हात सामना. कृत्रिम गवत, वरून ऊन आणि खालून वाफ. दोन्ही हाफमध्ये पाण्यासाठी खेळ थांबवला. सामना घरचाच, २-१, आपण जिंकलो! आता २-२-२.

१९ नंबर पहिल्या अकरात होती. खरं सांगू? पहिली वीस मिनिटं बघवत नव्हती. समोरची राइट विंगर चौथ्या वर्षाची, अंगाने दणकट, हिला दोनदा आतून आणि एकदा बाहेरून कापून गेली. त्यातल्याच एका क्रॉसवर गोल खाल्ला. मी मनात म्हटलं, झालं, आता बसवणार. आणि एकदा बसवली की हाफ संपेपर्यंत परत आणता येत नाही, म्हणजे पोरीने उरलेला वेळ टॉवेल डोक्यावर घेऊन काढायचा. कोच उभी राहिली, बेंचकडे बघितलं, आणि परत बसली.

पुढे त्या पोरीने एकच बदल केला. दोन पावलं मागे उभी राहू लागली. विंगरला चेंडू घेऊ द्यायचा, पण वळू द्यायचं नाही. एवढंच. त्यानंतर त्या बाजूने एकही धड क्रॉस आला नाही. बरोबरीचा गोल कॉर्नरवर, विजयाचा ८१ व्या मिनिटाला लांबून. दोन्हींशी हिचा संबंध नाही, स्कोअरशीटवर नावही नसेल.

आजोबा, हा विजय तुमच्या सूत्रात किती मोलाचा?

---

गणिती_आजोबा | ३१ ऑगस्ट, रात्री ९:०५

प्रतिस्पर्धी ४-१-१ होती, म्हणजे आता ४-२-१. चांगला विजय. डोक्यावर टोपी होती ना?

---

आठ_नंबर | ३१ ऑगस्ट, रात्री ९:१०

नव्हती. नाक सोललंय.

बेंचवरची आई, आज सामना संपल्यावर मुद्दाम थांबलो. जाळ्या कोण सोडवतं, चेंडू कोण गोळा करतं ते बघितलं. शर्टावर २७ आणि २८. दोघी आज एक मिनिटही खेळल्या नाहीत. २८ नंबरची पायाने एकेक चेंडू उडवून पिशवीत टाकत होती, बारापैकी अकरा आत गेले.

गुरुवारी बाहेरगावी सामना आहे, संध्याकाळी सातला. ईएसपीएनच्या अ‍ॅपवर दिसेल.

---

बेंचवरची_आई | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३२

बारावा कुठे गेला?

---

आठ_नंबर | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३४

माझ्या पायाशी. परत मारला, पण पिशवीत नाही, कुंपणापलीकडे गेला. तिने आणला.